डिस्चार्जनंतरचं बरं होणं

इंदूरहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर तेच ऐकू यायचं, "घरी सोडलं ना? मग सुटलो बाई." रामबागेतली मावशी, सासूबाई, शेजारचे काका, सगळ्यांच्या लेखी अपघात डिस्चार्जच्या कागदापाशी संपला होता. जर्मनीत ऑफिसला जाताना माझ्या नवऱ्याला गाडीनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. त्यातून उठणं म्हणजे काय, हे खरं कळलं ते ऑपरेशननंतर.

इथे कामावर जाता-येता झालेला अपघात कामावरचाच धरतात. त्या विम्याचे पैसे मालक भरतो आणि त्यात पुनर्वसनही, म्हणजे माणूस पुन्हा हिंडता-फिरता होईपर्यंतचे उपचारही, येतं. नवरा हॉस्पिटलातून पुनर्वसन केंद्रात गेला. फिजिओथेरपी होतीच: जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पण मला जास्त आठवतं ते तिथलं स्वयंपाकघर.

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, घरी स्वयंपाकात काय करता? इंदूरचा माणूस, तो पोहेच म्हणणार. सगळं सामान मी घरून डब्यांत भरून नेलं. त्यानं पोहे भिजवले, निथळत ठेवले आणि कांदा चिरता चिरता कढईत तेल तापतंय हे पार विसरला. धूर निघाला. मी उठणार तेवढ्यात बाईंनी मला हातानं थांबवलं. त्या शेगडीपाशीच उभ्या होत्या, पण बटणाला हात लावला नाही. फक्त विचारलं, "आता काय करायचं?" त्यानं वर पाहिलं, क्षणभर थांबला आणि शेगडी बंद केली. पुढच्या खेपेला त्यानं सगळी कृती कागदावर लिहून घेतली आणि एकेका ओळीवर खूण करत गेला. दोन कामांचं भान एका वेळी राहत नव्हतं, आणि हे एक्सरेत दिसत नाही. घरी त्याला विसरभोळेपणा म्हटलं गेलं असतं, नाहीतर आळस.

मानसोपचारतज्ज्ञ बाई त्याच्याशी झोपेबद्दल, ब्रेकच्या आवाजानं दचकण्याबद्दल बोलायच्या. मलाही वेगळं बोलावून विचारायच्या, तुम्ही जेवता का वेळेवर? मग काम: आधी दिवसाचे थोडे तास, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवलेले, आणि तोवर विम्याकडून भत्ता.

इथे अर्ज आणि पत्रव्यवहार यांनी जीव नकोसा होतो, तेही खरं. आणि आपल्याकडे माणसांची कमी नाही. फक्त ती सगळी माया "तू पडून राहा, आम्ही आहोत ना" यात खर्च होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारतात २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळण्याची योजना आहे. जीव वाचवायला ती फार मोलाची आहे. पण मांडीचं हाड जुळायलाच महिने लागतात, डोक्याच्या दुखापतीला कधीकधी त्याहूनही जास्त.

आता मावसभावाला बायपासवर अपघात झालाय. मावशीला मी सांगितलं: घरी आणण्याआधी डॉक्टरांकडून व्यायामाचं वेळापत्रक लिहून घे. डोक्याला मार असेल तर स्मरणशक्ती आणि लक्ष यांची तपासणी कुठे होते ते विचार. आणि फिजिओथेरपी, मदतनीस, रिक्षा, सगळ्याच्या पावत्या एका फाइलीत लाव. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पुढच्या उपचारांचा खर्चही मागता येतो, पण तिथे कागद लागतात.