तेरा दिवस आणि कडेवरचं लेकरू

पहिली रात्र

गावाकडची आजी गेल्याचा फोन नातीला बहुधा पहाटेच येतो. पुण्याहून परभणी-नांदेडकडे निघायचं म्हणजे आठ-दहा तास, आणि वैशाखात माती फार वेळ थांबवता येत नाही. बर्फाच्या लाद्या लावल्या तरी गावाकडून दर अर्ध्या तासाला "कुठवर आलात?" सुरूच असतं. त्या घाईत मोठ्यांचे कपडे राहिले तर चालतं, लेकरांची पिशवी राहिली तर पुढचे तीन दिवस अवघड जातात. दर लेकरामागे कपड्यांचे चार जोड, ओआरएसची चार पाकिटं, तापाचं औषध त्याच्या मापाच्या टोपणासकट, उकळून गार केलेलं पाणी, मुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू. आणि त्याचं रोजचं पांघरूण, वास येत असलं तरी न धुता. परक्या बाजेवर झोप त्या वासावरच लागते.

सांगायचं ते गाडीतच सांगावं. ढेलजेत पाय ठेवला की हंबरडे सुरू होतात, मग लेकराच्या कानावर काहीच पडत नाही. शब्द साधे हवेत: "मोठी आजी मेली. तिचं शरीर बंद पडलं. आता ती श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, दुखत नाही. ती परत उठणार नाही." मग तिथे काय दिसेल तेही सांगायचं, की सगळे मोठ्यानं रडत असतील, आई पण रडेल, पण तुला जेवायला आणि झोपवायला आईच येईल.

'मेली' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून आपण 'झोपली' म्हणतो. मग लेकरू रात्री डोळे मिटायला घाबरतं. 'गावाला गेली' म्हटलं की बाबा कामानिमित्त बाहेरगावी निघाले तरी रडून आकांत. 'देवाला आवडली' हे तर माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण आपण पण देवाला आवडतो असं लेकराला आपणच रोज सांगत असतो.

दुसरा दिवस

पुष्कळ घरांत या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणि भावकीतले डबे आणतात. येसराची आमटी, भाकरी, पिठलं. आमटी अशी झणझणीत की मोठ्यांच्याही नाकातून पाणी यावं. इथं संकोच करू नये. डबा आणणाऱ्या काकूंना सरळ सांगावं, "काकू, एका वाटीत बिनतिखटाचं वरण आणि भात वेगळा ठेवा." त्यांना ते कामच हवं असतं.

खरा धोका पाण्याचा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी, पन्नास माणसांचे हात एकाच माठात, वर 42 अंशांचं ऊन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लेकराला जुलाब लागतात आणि बाया 'दृष्ट लागली' म्हणतात. लेकरांचं पाणी खळखळून उकळलेलं, वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवावं. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरला की मीठ जास्त होतं आणि त्यानं उलट नुकसान होतं, म्हणून बोटानं सपाट करून घ्यायचा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, की दवाखाना. तेव्हा सुतक बघत बसायचं नाही.

अंगावर पिणारं बाळ असेल तर कोणीतरी म्हणतंच, दुःखातलं दूध पाजू नकोस. दूध खराब होत नसतं. होतं एवढंच, की मन ताणलेलं असलं की पान्हा उशिरा सुटतो, बाळ चिडतं, आणि घरातले 'दूध आटलं' म्हणून वरचं सुरू करतात. मग बाळ कमी ओढतं आणि दूध खरोखर कमी होतं. आतल्या खोलीत दार लोटून, पाठीला टेकू घेऊन, आधी तांब्याभर पाणी पिऊन बसावं आणि बाळाला पुन्हापुन्हा अंगाला लावावं. नातीला एकटीनं रडायला या तेरा दिवसांत मिळणारी जागा बहुतेक तीच असते.

तिसरा

सावडायला लेकरांना नेऊ नये. राख वरून गार दिसते, आत निखारा असतो. घरी थांबलेलं लेकरू हमखास विचारतं, "आजीला भाजलं का?" उत्तर तयार ठेवावं: शरीराला आता काहीच कळत नाही, म्हणून दुखलं नाही. जिथं पुरतात, लिंगायत किंवा मुसलमान घरांत, तिथं प्रश्न अंधाराचा आणि मातीत गुदमरण्याचा येतो. उत्तर तेच.

सहावा

भेटायला येणाऱ्यांची गर्दी. येणाऱ्या बाया आईच्या गळ्यात पडतात, आत्याच्या, काकूच्या. नात चहाचा ट्रे घेऊन उभी, कडेवर लेकरू. तिची पाळी शेवटी येते किंवा येतच नाही. ऑफिसच्या रजेच्या नियमांतही बऱ्याचदा आजी 'जवळच्या नात्यात' बसत नाही. आणि वाढवलेलं तर तिनंच असतं.

लेकरांचं दुःख तुकड्या-तुकड्यांनी येतं. पाच मिनिटं ओक्साबोक्शी, लगेच बाहेर गोट्या. ते निर्ढावलेलं नसतं, तेवढंच एका वेळी पेलतं. तीन-चार वर्षांच्या लेकराला मरण कायमचं असतं हे कळतच नाही, म्हणून "आजी कधी येणार?" दिवसातून दहा वेळा येतं. दहाही वेळा तेच शब्द वापरायचे. दर वेळी नवं उत्तर दिलं तर ते गोंधळतं. सहा-सात वर्षांचं वेगळंच काही मनात धरून बसतं: मी त्या दिवशी आजीशी भांडलो, म्हणून ती मेली. न विचारताच सांगून टाकावं की तुझ्या बोलण्यानं कुणी मरत नाही. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं, अंगठा चोखणं परत सुरू होतं. काही आठवडे तिकडं काणाडोळा करावा. बाहुलीला तिरडीवर निजवून खेळ चालला असेल तर बायांनी ओरडू नये.

दहावा

गंगाखेड, नांदेड, पैठण, जिथं ज्यांची वहिवाट. सगळीकडं गोदावरीच, आपल्याकडं 'गंगा'च म्हणतात. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पुढं एकदम खोल. दर लेकरामागे एक मोठं माणूस, आणि ते माणूस विधीला बसलेलं नको.

मुंडणाचं आधी कुणाच्या लक्षात येत नाही. डोकं-मिशी काढून बाबा समोर आले की दोन वर्षांचं लेकरू ओळखत नाही, किंचाळतं. केस काढताना लांबून दाखवावं, नाहीतर आधी लांबूनच आवाज द्यावा, टोपी घालून जवळ यावं आणि मग टोपी त्यालाच काढू द्यावी.

कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळतात, उपाशी. लेकरांना आधी खाऊ घालावं, त्यानं कावळा अडत नाही.

तेराव्यानंतर

गोडजेवण झालं, मांडव निघाला, आता कागद. घरी मरण आलं असेल तर 21 दिवसांत नोंद करायची, गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेत. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क, पुढे परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आजीचं नाव आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं, हे घरोघर सापडतं. नोंद करतानाच सगळे कागद शेजारी ठेवून ताडून घ्यावं. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढाव्यात. जमिनीच्या वारस नोंदीला तीन महिने असतात. एक आगाऊ बोलते: हिंदू वारसा कायद्यानं आजीच्या स्वतःच्या नावावरच्या जमिनीत मुलांइतकाच मुलींचाही वाटा असतो, आणि सुतकाच्या घरात आत्यांपुढं हक्कसोडीचा कागद सरकवणं शोभत नाही.

महिन्यानं

तिच्या हातच्या धपाट्यांची आठवण निघतेच. कृती कुणी विचारून ठेवलेली नसते, पण तिची पितळी वाटी असते. ती पाण्यानं भरून मोजायची, किती मिली ते लिहायचं आणि आत्याला समोर बसवून करायला लावायचं. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी बेसन, पाव कणीक, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, ओवा, मीठ, आंबट दही. कणीक वगळली किंवा जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असली की ओल्या फडक्यावरून तव्यावर टाकतानाच धपाटं मोडतं.

आणि तिची सुती इरकल नऊवारी. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवण्यापेक्षा लेकरासाठी वाकळ शिवावी. नऊवारीचे साधारण आठ मीटर, मीटर-मीटरचे तुकडे केले की आठ होतात. बसून विरलेले दोन बाजूला, राहिले सहा. एक वर, एक खाली, चार आत. चार फूट बाय तीन फुटांची वाकळ एका लुगड्यात होते. शिवण्याआधी तुकडे पाण्यात भिजवून रंग जातो का बघावं. पदराचा लाल हमखास उतरतो, पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो वेगळा धुवावा. सहाही थर जमिनीवर ताणून, चारी कडांना आणि मधून लांब कच्चे टाके घ्यायचे. हे टाळलं की थर सरकतात आणि मधोमध फुगा येतो. मग काठापासून आत, बोटाच्या अंतरानं धावदोरा. दोरा हातभरच ओवावा, लांब घेतला की गुंततो. लेकरं झोपल्यावर रोज तासभर बसलं तर तीन-चार आठवडे लागतात. सुया मोजून डबीत ठेवायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या.

लेकरू त्यावर मुतणारच. त्याच दिवशी गार पाण्यात धुवावी, पिळू नये, निथळत ठेवावी आणि माळवदावर उलटी पसरावी, नाहीतर आपल्या उन्हात दोन महिन्यांत काठाचा रंग विटतो.