‘फुकट आहे, वापरा’ एवढ्याने भागलं नाही

जुन्या डीटीपी फॉन्टांत अडकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर नीट वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) आणणारा एक प्रोग्रॅम मी दोन वर्षं रात्री जागून लिहिला. गिटहब या कोड वाटायच्या साइटवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘फुकट आहे, बिनधास्त वापरा.’ महिनाभराने एका ग्रंथालयातल्या मॅडमचा मेल आला: ‘सर, छान चालतं. पण थोडे बदल करून आमच्या दुसऱ्या शाखांना देण्याची परवानगी कुठे लिहिली आहे?’

कुठेच नव्हती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोंदणी करा न करा, हक्क लिहिणाऱ्याकडेच. मी फक्त किंमत सांगून मोकळा झालो होतो.

मला एमआयटी लायसन्स लावायचं होतं, म्हणजे ‘काहीही करा, फक्त माझं नाव आणि हा मजकूर ठेवा’ अशी लेखी परवानगी. जेमतेम पावणेदोनशे शब्द, चहा संपेपर्यंत वाचून होतं. पण मित्राने विचारलं, ‘खिडक्या-बटणं कशात केलीस रे?’ पायक्यूटीत, म्हणजे त्यासाठीच्या तयार कोडच्या संचात. तिथेच गाडी अडली. पायक्यूटी मिळतं जीपीएल ३ या लायसन्सखाली (वाटलंत तर सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ ओळीही, त्याच अटींवर द्या), नाहीतर पैसे मोजून. माझ्या स्वतःच्या ओळींना मी एमआयटी लावू शकत होतो, पण विंडोजसाठी सगळं एकत्र बांधून जी फाइल मी वाटत होतो, ती जीपीएलखालीच द्यावी लागणार होती. पायसाइड हा दुसरा रस्ता होता. तेही खिडक्या-बटणांचं तेच क्यूटी, पण एलजीपीएल या जरा सैल लायसन्सखाली मिळतं. एक रविवार त्यात घालवलाही.

मग मन बदललं, आणि त्याचं कारण वेलांटी. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. ‘कर्म’मधला रफार ‘म’च्या मागून काढून पुढे ‘र्’ करून बसवावा लागतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि ते सगळे मी हाताने तपासले होते. उद्या कुणी ते सुधारून वाटले, तर सुधारणाही उघड्या राहाव्यात असं वाटलं. म्हणून जीपीएल ३, ‘किंवा पुढची आवृत्ती’ या शब्दांसह.

आता झाडाझडती. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेलं एक फंक्शन (कोडचा तुकडा) २०१६चं निघालं. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए लायसन्सखाली (नाव द्या आणि त्याच अटींवर वाटा) असतो. मे २०१८पासूनचा त्याच्या ४.० आवृत्तीखाली आहे आणि त्यातून जीपीएल ३मध्ये यायला वाट आहे, माझं ३.० मधलं, त्याला नाही. ते काढून टाकलं आणि नव्याने लिहिलं. नवं जास्त वेगाने चालतं, हे लाजत कबूल करतो. सोबत दिलेला मुक्त फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली होता, त्याचा मजकूर फोल्डरमध्ये ठेवला की काम झालं.

कॉलेजच्या एका ज्युनिअरचा थोडा कोड होता. तो म्हणाला, ‘दादा, तेवढ्यासाठी मेल कशाला? घे की.’ तरी लेखी घेतलं. नोकरीच्या ठिकाणीही विचारलं, कारण कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. घरच्या लॅपटॉपवर लिहिलंय हे सांगूनही ‘हरकत नाही’ एवढे दोन शब्द यायला तीन आठवडे लागले.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं. लायसन्सचा पूर्ण मजकूर एका फाइलमध्ये जसाच्या तसा, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर नाव, वर्ष आणि लायसन्स कोणतं ते ठरावीक पद्धतीने सांगणारी एसपीडीएक्सची एक ओळ. मराठीत भाषांतर करून टाकायचा मोह झाला, पण कायद्याला मूळ इंग्रजीच चालतं. त्यामुळे मराठी सारांश वेगळा लिहिला आणि तो सारांशच आहे, हेही लिहिलं.

डीटीपीवाला मित्र म्हणाला, ‘मी हे पेन ड्राइव्हवर घालून विकलं तर?’ वीक, म्हटलं. फक्त घेणाऱ्याला सोर्स मिळायला हवा आणि पुढे वाटायचा हक्कही.

मॅडमना कळवलं. चार दिवसांनी त्यांची दुरुस्ती आली: ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ माझ्या तक्त्यात चुकत होता. फाइलच्या डोक्यावर माझ्या नावाखाली त्यांनी स्वतःचं नाव आणि वर्ष न विसरता घातलं होतं.