कमोड बदल, भाग ४: स्क्रूवरून घेतलेलं माप ७० मिमीने चुकलं

मंडळी, जुनं भांडं निघालं आणि तेही अखंड! व्हाइट सिमेंटचा सांधा हॅक्सॉच्या पात्याने दोन तास कापत बसलो, फरशीचा टवकाही उडाला नाही. पण खाली पाइपचं तोंड दिसलं आणि भाग ३ मधलं माझं माप, म्हणजे भिंतीपासून या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर, साफ चुकीचं निघालं. त्या आकड्यावरून कुणी खरेदीला निघालं असेल तर आधी थांबा.

मी ३०५ मिमी लिहिलं होतं, म्हणजे बारा इंची एस ट्रॅप (ज्याचा मैला खाली फरशीतल्या पाइपमध्ये जातो ते भांडं). अमेरिकन व्हिडिओत दाखवतात तसं भिंतीपासून स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजलं होतं. तिकडे भांड्याचे बोल्ट पाइपवरच्या फ्लँजमध्ये (पाइपच्या तोंडावरची कडी), पाइपच्या मध्यरेषेवरच असतात, म्हणून ते माप जुळतं. आपल्याकडे भांडं फरशीत रॉल प्लग (स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची खुंटी) ठोकून आवळतात. ती भोकं भांड्याच्या पायाला जिथे सोयीची तिथे. माझी पाइपच्या मध्यापासून ७० मिमी पुढे होती.

आता खरं माप. पाइपची भिंतीकडची कड १८० मिमी, पुढची २९०. बेरीज भागिले दोन, मध्य २३५. वर्तुळाचा मध्य डोळ्याने धरू नका, दोन्ही कडा मोजा. आणि यासाठी स्टीलची फूटपट्टीच घ्या; लेझर मीटर एवढ्याशा अंतराला मला निरुपयोगी वाटतो.

चूक उलटी असती तर निभावलं असतं. २३० चं भांडं ३०० च्या पाइपवर बसतं, टाकीमागे फट राहते एवढंच. पण ३०० चं भांडं २३५ वर बसवायचं तर टाकी भिंतीत ६५ मिमी घुसवावी लागेल. ऑफसेट पॅन कनेक्टर, म्हणजे भांडं आणि पाइप जोडणारा तिरका तुकडा, पाहिला. तो थोडंच सरकवतो, शिवाय मैल्याच्या वाटेत पायरी तयार होते. तुंबणारी गोष्ट आईच्या बाथरूममध्ये मी बसवणार नाही.

मग नऊ इंची घ्यावं म्हटलं, तर दुकानात २२०, २२५, २३० सगळ्यांनाच ‘नऊ इंची’ म्हणतात. कॅटलॉगमधलं मिमीतलं चित्र दाखवल्याशिवाय मी आता पैसे देणार नाही. त्यात भाग २ मध्ये ठरलेलं टाइलवर टाइल, म्हणजे जुनी न काढता तिच्यावरच नवी: ८ मिमी टाइल, ४ मिमी अॅडेसिव्ह. २३५ मधून १२ गेले, उरले २२३. २२० चं बसेल असं वाटलं, तेवढ्यात ओळंबा सोडला. फरशीपासून ७०० मिमीवर, जिथे टाकी टेकते, तिथे भिंत ६ मिमी पुढे आलेली. म्हणजे वर २१७. तेही गेलं.

इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं. रात्री सुचलं की जुनी टाइल त्या एका भिंतीवरून काढलीच तर? सकाळी छिन्नीने दोन टाइल उचकटल्या, एक खाली, एक वर. विटेपर्यंत खाली २८ मिमी, वर ३४! वीट ओळंब्यात आहे, फुगवटा सगळा मसाल्याचा. पाइपच्या मध्यापासून वीट वर-खाली सारखीच, २६३ मिमीवर. १२ मिमी प्लॅस्टर, १२ मिमी टाइल-अॅडेसिव्ह वजा करा: २३९, आणि भिंत सरळ. २३० चं भांडं टाकीमागे ९ मिमी ठेवून बसतं. हा आकडा मी पाच वेळा मोजला, दर वेळी तोच आला.

तेव्हा टाइलवर टाइल बाकीच्या तीन भिंतींवर, मागची पूर्ण उकलायची आणि प्लॅस्टरवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. भांड्याचा ७०० मिमी लांबीचा पुठ्ठ्याचा साचा नव्या जागी ठेवून दार उघडून पाहिलं, ४० मिमी मोकळी जागा राहते. अँगल कॉक (टाकीच्या पाण्याचा भिंतीवरचा नळ) मात्र टाकीच्या आड येतोय, तो प्लॅस्टरच्या आधीच डावीकडे सरकवायला हवा. आधी घेतलेल्या बारा इंचीचं खोकं अजून फोडलेलं नाही, दुकानदार बदलून देतो म्हणालाय. गवंडी शनिवारी येतोय.