सरासरी 4 मिनिटं

दादरजवळच्या कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो. जुलैत वर्गात पुस्तक नसणं हे ठरलेलंच. "सर, गणपतीनंतर घेतो." तोवर पहिली टेस्ट उरकलेली असते आणि पोरं झेरॉक्सच्या फिकट पानांवर तगलेली असतात.

गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी ओपनस्टॅक्सचं फुकट पुस्तक ग्रुपवर टाकलं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा हा उपक्रम. श्रेय दिलं की मजकूर बदलायलाही मोकळीक. त्यात बसची वाट बघणारा माणूस होता, त्याला मी चर्चगेट फास्टच्या फलाटावर आणून उभं केलं. गाडी दर 8 मिनिटांनी, म्हणजे सरासरी 4 मिनिटं थांबावं लागणार.

तो धडा अजून शिकवायचाच होता. लेक्चर सुरू होण्याआधीच नालासोपाऱ्याहून येणारी, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उभी राहिली. "सर, तुमचं उदाहरण चुकलंय."

दहा दिवस तिनं मोबाइलवर गाड्यांच्या वेळा टिपल्या होत्या. "2 मिनिटांत दुसरी गाडी येते, मग 14 मिनिटं काहीच नाही. सरासरी अंतर 8च. पण आपण स्टेशनवर पोचतो ते बहुतेक त्या 14च्या खड्ड्यात."

फळ्यावर मांडून पाहिलं. 16 पैकी 14 मिनिटांच्या खड्ड्यात पोचणाऱ्याला सरासरी 7 मिनिटं, उरलेल्या 2 मिनिटांत पोचणाऱ्याला 1. वाट बघण्याची सरासरी सव्वासहा मिनिटं. चक्क बरोबर होती पोरगी!

"आणि पहिल्याच गाडीत चढायला मिळतं हे कुठून धरलंत, सर?" वर्ग खो खो हसला.

धडा तिनं गाडीतच वाचला होता. आदल्या सेमिस्टरला मैत्रिणीनं पाठवलेल्या पानांच्या फोटोंवर भागवलं होतं, तेही परीक्षेच्या तोंडावर.

मोफत पुस्तकांनी फरक पडतो का, हे बघायला अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात 21 हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल तपासले होते. 2018 साली ते छापून आले. मोफत पुस्तकांनंतर नापास होणारे आणि विषय सोडणारे कमी झाले, गरजू मुलांना फायदा जास्त. पुढच्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर शिकण्यात सरासरी फरक काहीच नाही. मला यात विसंगती वाटत नाही. माझ्याही वर्गात वरच्या दहा जणांचे मार्क होते तिथंच राहिले. त्यांनी पुस्तक तसंही घेतलंच असतं.

उदाहरण बदलून, तिचे आकडे घालून पान पुन्हा ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत तिचा मेसेज आला: "थँक्यू सर. झेड टेबलचं आकड्यांचं कोष्टक मात्र फोनवर नीट दिसत नाही, त्याची झेरॉक्स द्याल का?"