तुमच्या पर्समध्ये ते नाकातलं औषध कशाला असतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला सायनसबियनस काही नाही. इथे शिकागोजवळ मंडळाच्या गणपतीत पर्स उघडली की कुणीतरी हे विचारतंच. ते नॅलोक्सोन आहे. हेरॉइन, फेंटानिल किंवा दुखण्याच्या तसल्या गोळ्या जास्त झाल्या की माणसाचा श्वास मंदावत मंदावत थांबतो, नॅलोक्सोन मेंदूत ते ड्रग जिथे चिकटलेलं असतं त्या जागेवरून त्याला हुसकावतं आणि दोनतीन मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो.

मी फार्मासिस्ट आहे म्हणून ते बाळगते असं लोक धरून चालतात, पण खरं सांगू का, हे औषध सामान्य माणसाच्या हातात येण्यात आमचं श्रेय फार थोडं आहे. ते होतं १९७१ पासून, पण हॉस्पिटलात नाहीतर ॲम्ब्युलन्समध्ये. आणि ओव्हरडोस होतो बाथरूममध्ये, गाडीत, मित्राच्या सोफ्यावर, तिथे आधी हजर कोण असतं? दुसरा नशा करणाराच. हे ज्यांना कळलं ते लोक म्हणजे शिकागो रिकव्हरी अलायन्स, डॅन बिग आणि त्याचे साथीदार, एड्सच्या काळात व्हॅन घेऊन स्वच्छ सुया वाटणारे. त्यांच्या संस्थापकांपैकीच एकजण १९९६ मध्ये ओव्हरडोसने गेला, आणि त्यानंतर ह्यांनी नॅलोक्सोनच्या बाटल्या थेट नशा करणाऱ्यांच्याच हातात द्यायला सुरुवात केली. इलिनॉयमध्ये त्याला धड कायदा झाला २०१० साली, म्हणजे चौदाएक वर्षं हे लोक कायद्याच्या कडेकडेने काम करत होते! सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, नंतर मोजलं तर १९९६ ते जून २०१० ह्या काळात देशभरातल्या अशा संस्थांनी ५३,०३२ लोकांना औषध आणि ट्रेनिंग दिलं होतं आणि १०,१७१ ओव्हरडोस परतवल्याची नोंद होती.

मग पुढचा प्रश्न येतो, विशेषतः पुण्याच्या लोकांकडून, की तिथल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारखं व्यसनच का नाही सोडवत, हे तर लाड झाले. मुक्तांगणबद्दल मला आदरच आहे, तेही १९८६ मध्ये गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, लाटेतूनच उभं राहिलं. पण तिथे दारात येईपर्यंत माणूस जिवंत तर हवा ना? डॅनच्या लोकांचं ब्रीद होतं 'कोणताही चांगला बदल', सोडलंस तर उत्तमच, नाही सोडलंस तरी आज सुई स्वच्छ वापर, एकटा असताना घेऊ नकोस, इतकं साधं.

डॅन स्वतः २०१८ मध्ये ओव्हरडोसनेच गेला. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'बघा, म्हटलं नव्हतं' येतं आणि मला भयंकर राग येतो, कारण पोहणं शिकवणारा बुडाला म्हणून कुणी पोहणं चुकीचं म्हणत नाही.

असो. २०२३ पासून हा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो, तेव्हा दोनाचं पाकीट ४५ डॉलरच्या आसपास होतं, आणि अशा संस्थांकडे तर फुकट. मुलं कॉलेजला असतील तर घेऊन ठेवाच, आजकाल नकली गोळ्यांत फेंटानिल असतं, एका गोळीतही जीव जातो. वापरायची वेळ आली तर आधी ९११ ह्या इमर्जन्सी नंबरला फोन, मग एका नाकपुडीत पूर्ण स्प्रे, माणसाला कुशीवर वळवा, दोनतीन मिनिटांत शुद्ध आली नाही किंवा श्वास नीट चालला नाही तर दुसरा मारा. शुद्धीवर आला तरी सोडून जाऊ नका, औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि श्वास परत थांबू शकतो. आणि अंगात तसलं ड्रग नसलंच तरी काळजी नको, ह्या औषधाने त्याला काही अपाय होत नाही.