भोकराचा चमचा: सव्वातीन महिन्यांची प्रगती

मंडळी, मे महिन्यात ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत पावसाळ्याआधीची छाटणी झाली. तेव्हा भोकराची मनगटाहून जाड फांदी माळीदादांकडून मागून घेतली. फळं लगडलेलीच होती, म्हणजे लाकूड आणि लोणचं एकाच दिवशी दारात.

लोणचं आधी, कारण आईला धीर नव्हता. भोकरं कच्चीच हवीत. उकळत्या पाण्यातून काढायची, बत्त्याने हलकेच ठेचायची आणि बोटं मिठात बुडवून बी काढायची. मीठ विसरलात तर बी बोटाला, बोट सुरीला आणि सुरी ओट्याला. पिकलेल्या भोकराच्या याच चिकाने आम्ही लहानपणी पतंग चिकटवायचो.

तिथूनच खूळ डोक्यात शिरलं: फांदीची कापलेली तोंडं तिच्याच फळांच्या चिकाने बंद केली तर? लाकडातलं पाणी कापलेल्या टोकांतून सगळ्यात वेगाने उडतं. टोकं आधी आकसतात आणि तडकतात. म्हणून एका ओंडक्याला चीक फासला, दुसऱ्याला फेविकॉल.

चीक चार दिवसांत वाळून पापुद्र्यासारखा सुटला. तोंडाला तीन तडे, त्यातला एक बोटभर लांब. पाऊस लागल्यावर उरलासुरला चीक पुन्हा बुळबुळीत झाला. आधी मुंग्या आल्या, मग बुरशी. फेविकॉलवाल्याला गाभ्याशी केसाएवढी एकच चीर. तीही टळली असती. लाकूड त्रिज्येपेक्षा घेराच्या दिशेने साधारण दुप्पट आकसतं, त्यामुळे ओला ओंडका गाभ्यातून उभा चिरून ठेवायचा असतो. मी आळस केला.

लाकूड फिकट, राखाडीकडे झुकणारं. पटाशी लोण्यासारखी चालते आणि तोच घात आहे. चमच्याची वाटी कोरताना लाकडाची रेषा कुठे उलटते ते कळत नाही, तुसं उभी राहतात, ती काढायला जावं तर आणखी खोल. पहिल्या चमच्याची चाळणी झाली. दुसऱ्याला वाकड्या पात्याची सुरी वापरली, दोन्ही बाजूंनी मध्याकडे. १८० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर, वर जवसाचं तेल. सागाची चमक नाही, पण हाताला गोड लागतो.

सालीचा वाक, म्हणजे चिवट धागा, निघतो, त्याची दोरी वळतात. ती साल सध्या न्हाणीघरातल्या बादलीत भिजतेय आणि तिच्या वासावरून घरात रोज बोलणी बसतायत. किती दिवस भिजवावी, कुणी करून पाहिलंय का?