लिहून देणारा, लिहून घेणारा: सासूबाईंच्या माहेरचा शोध

माझ्या सासूबाई आयरिश. माहेर टिपरेरी काउंटीतलं, एकेकाळचे जमीनदार. त्यांच्या घराण्याची वंशावळ एका जुन्या ग्रंथात छापलेली आहे, पण ती म्हणजे थोरल्याचा थोरला, त्याचा थोरला अशी एक सरळ रेघ. धाकटे मुलगे एका ओळीत उरकलेले आणि मुली ‘इतर अपत्यां’त जमा. सासूबाईंना माहिती हवी होती ती अठराव्या शतकात या घरात सून म्हणून आलेल्या एका बाईची. तिच्यामुळे घराची बरीच जमीन वाढली, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. छापील वंशावळीत तिच्या नावापुढे माहेरचं आडनावच नव्हतं. मला ते फार लागलं आणि शोध मी अंगावर घेतला.

जुनी मृत्युपत्रं बघावीत, हा पहिला विचार. 1858 पूर्वी आयर्लंडमध्ये मृत्युपत्रांचा कारभार चर्च ऑफ आयर्लंडच्या न्यायालयांकडे होता. मयताची पाच पौंडांहून जास्त किमतीची मालमत्ता दुसऱ्या धर्मप्रांतातही असेल, तर मृत्युपत्र आर्माच्या आर्चबिशपांच्या वरिष्ठ न्यायालयात जायचं. जमीनदारांची बहुतेक तिथेच. पुढे हे सगळे कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या सरकारी अभिलेखागारात एकत्र ठेवले गेले आणि 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धात, स्फोट होऊन लागलेल्या आगीत ते जवळजवळ सगळे गेले. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी त्या मृत्युपत्रांच्या सूचीत सासूबाईंच्या पूर्वजाचं नाव, गाव आणि साल स्पष्ट दिसत असताना मूळ कागद जगात कुठेच नाही हे पचवायला जड गेलं.

सूची वाचली, कारण सर आर्थर व्हिकर्स यांनी ती 1897 मध्येच छापली होती. त्याहून मोठे उपकार वंशावळींचे अभ्यासक सर विल्यम बेथम यांचे. 1800 पर्यंतच्या या वरिष्ठ न्यायालयातल्या मृत्युपत्रांतून नातेसंबंध तेवढे टिपून त्यांनी वह्याच्या वह्या भरल्या आणि त्यावरून छोट्या वंशावळी मांडल्या. ते काम आगीतून वाचलं. त्यांच्या टिपणात आमच्या पूर्वजाची बायको, चार मुलगे आणि तीन मुली, सगळे नावानिशी भेटले. छापील ग्रंथाने ज्या मुलींना गाळलं, त्या इथे होत्या. बायकोचं मात्र पहिलंच नाव. नवरा मृत्युपत्रात बायकोच्या माहेरचं आडनाव कशाला लिहील?

आता उरली रजिस्ट्री ऑफ डीड्स, म्हणजे तिथली दस्तनोंदणीची कचेरी. 1707 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या कार्यालयातल्या नोंदी 1708 पासून अखंड आहेत. फोर कोर्ट्सशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून त्या राहिल्या. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या दगडी इमारतीत त्यांचे भलेमोठे खंड आहेत. एकेक खंड फळीवरून उतरवून उतरत्या मेजावर ठेवायचा म्हणजे दोन्ही हातांचं काम. या खंडांच्या मायक्रोफिल्म आता फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर घरबसल्याही बघता येतात. मी दोन्ही केलं, आणि जाता येत असेल त्याने एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं. खंड शेजारीशेजारी उघडून ताडून बघता येतात ते तिथेच.

इथे मूळ खरेदीखत मिळत नाही. मिळतं ते मेमोरियल, म्हणजे दस्ताचा नोंदणीसाठी केलेला गोषवारा. आपल्याकडच्या सूची क्रमांक दोनसारखा, फक्त कितीतरी विस्तृत. नोंदणी सक्तीची नव्हती. कॅथलिकांना तर 1782 पर्यंत जमीन विकत घेण्यावर बंदी होती आणि 1778 पर्यंत 31 वर्षांपेक्षा लांब मुदतीचा पट्टाही मिळत नसे, त्यामुळे त्या काळच्या नोंदींत प्रॉटेस्टंट घराणीच जास्त. सासूबाईंचं घराणं त्यांतलं.

खरी कसोटी सूचीची. नावांची सूची फक्त लिहून देणाऱ्याची आहे. लिहून घेणाऱ्याच्या नावाने शोधायची सोयच नाही. 1832 पर्यंत तिच्यात गाव नाही, काउंटी नाही. लिहून देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं आडनाव, खंड, पान आणि दस्ताचा क्रमांक, बस्स. आडनाव जरा रुळलेलं असलं की पानंच्या पानं भरतात. दुसरी सूची जमिनींची. तिथे काउंटीखाली टाउनलँडची, म्हणजे जमिनीच्या सगळ्यात लहान विभागांची, नावं आद्याक्षराने घातलेली, पण पुढचा अक्षरक्रम पाळलेला नाही, त्यामुळे ते अक्षर आख्खं वाचावं लागतं. मी आडनावाखालचे क्रमांक एका वहीत उतरवले, घराण्याच्या टाउनलँडखालचे दुसरीत, आणि दोन्हीकडे येणारे तेवढे काढले. ते नक्की आपले. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय मला तरी दिसला नाही.

त्यांतलाच एक निघाला विवाहाचा करारनामा. तो वाचताना माझे हात थरथरत होते. ‘संसदेच्या कायद्यान्वये नेमलेल्या निबंधकास’ अशी सुरुवात, आणि मग विरामचिन्हांशिवाय चाललेलं एकच लांबलचक वाक्य. पहिला पक्ष नवरा आणि त्याचे वडील. दुसरा पक्ष वधूपिता, मुक्काम लिमरिक शहर, आणि त्यांची थोरली मुलगी. तीच ती, पूर्ण नावासह, माहेरच्या आडनावासह! तिसरा पक्ष विश्वस्त, त्यांतला एक तिचा भाऊ. पुढे वधूपित्याने लावून दिलेल्या जमिनींची नावं आणि नवरा आधी वारला तर तिला दरवर्षी मिळायची रक्कम. सासूबाईंनी ऐकलेली गोष्ट खरी होती. मी त्यांना तिथूनच फोन केला.

तारखांचं एक सांगून ठेवते. 1752 पूर्वी तिथलं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे ऑक्टोबर 1739 नंतर येणारा फेब्रुवारीसुद्धा कागदावर 1739 चाच. दस्तांचा क्रम लावताना हे डोक्यात पक्कं हवं.

धाकट्या शाखांसाठी सगळ्यात उपयोगी पडले ते तीन आयुष्यांचे भाडेपट्टे. पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची आणि त्यांतला शेवटचा मरेपर्यंत पट्टा चालायचा. साहजिकच पट्टेदार आपली लहान मुलं पुढे करायचे, ‘दुसरा मुलगा, वय अंदाजे नऊ’ अशा तपशिलासह. ज्या काळातल्या कित्येक चर्चांच्या जन्मनोंदी शिल्लक नाहीत, त्या काळातलं मुलाचं वय आणि बापाचं नाव एकाच ओळीत मिळतं. महादुष्काळानंतर 1849 मध्ये कर्जात बुडालेल्या जमीनदाऱ्या विकण्यासाठी खास न्यायालय निघालं. तिथल्या विक्रीच्या छापील पत्रकांत कुळांची नावं, पट्ट्यांच्या अटी आणि पट्ट्यातली कुठली आयुष्यं अजून चालू आहेत, हेही नोंदवलेलं असतं. सासूबाईंच्या घराची जमीन अशाच विक्रीत गेली. त्या पत्रकामुळे दोन धाकट्या शाखा जोडता आल्या.

वाचलेल्या प्रत्येक मेमोरियलमधली साक्षीदारांची नावंही मी उतरवून ठेवते. निदान एक साक्षीदार मूळ दस्तावरचाच लागे, आणि तो पुष्कळदा घरातला किंवा वकिलाच्या कचेरीतला असतो. लिमरिकच्या एका दस्तावर साक्षीला त्या सुनेच्या आईकडचा वाटणारा एक माणूस आहे. लिमरिकच्या जमिनींच्या सूचीतून त्याच्या टाउनलँडचे क्रमांक काढून झालेत. आता तिच्या आईचं माहेर शोधायला घेतलंय, आणि या वेळी सासूबाई स्वतः दुसरी वही लिहायला बसताहेत.